सहा आकडे, एक होकार

डिसेंबर १९७१. पूर्व आघाडी. मी तोफखान्यात नाईक होतो, काम वायरलेसचं. पायदळाच्या एका कंपनीबरोबर आमची तिघांची निरीक्षण तुकडी पुढे चालत होती: कॅप्टनसाहेब, मी आणि गनर किसन. मी कुंभार पिंपळगावचा, किसन तीर्थपुरीचा. सेट माझ्या पाठीवर, जादा बॅटरी त्याच्या.

क्रम ठरलेला होता. साहेब दुर्बिणीतून लक्ष्य पाहत आणि नकाशावरून सहा आकडे काढत. मी ते सेटवर सांगत असे. मागे तोफांवरचा ऑपरेटर तेच आकडे परत म्हणून दाखवी. जुळले की मी म्हणायचं, "करेक्ट." त्या शब्दाशिवाय गोळा सुटत नसे.

युद्धबंदीच्या दोन दिवस आधी, सकाळी सहा चाळीसला, आम्ही एका तळ्याच्या बांधामागे होतो. पलीकडे गाव. आदल्या संध्याकाळी तिथून मशीनगन चालली होती. कंपनीला मधलं उघडं शेत ओलांडायचं होतं.

किसनने दुर्बीण मागून घेतली.

"चुली पेटल्यात, नाईकसाब. चार-पाच घरांच्या. माणसं हायेत तिथं."

मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी कंपनी कमांडरना विचारलं. मेजर म्हणाले, "मेरे जवान खुले में जाएँगे. लड़ाई ख़त्म करनी है. फायर."

साहेबांनी आकडे दिले. मी सेटवर सांगितले, "टू सेव्हन फोर, थ्री वन एट."

तेच परत आले. किसन माझ्याकडे पाहत होता.

"करेक्ट," मी म्हणालो.

मारा बारा मिनिटं चालला. कंपनी एकही माणूस न गमावता गावात पोचली. मशीनगन तिथे नव्हती, फक्त रिकाम्या पुंगळ्या होत्या. घरं जळत होती. एका घरातून बाईची हाक आली. किसनने बॅटरी खाली ठेवली.

"किसन, रुक!" मी ओरडलो.

"आलोच," म्हणाला आणि आत गेला. छप्पर खाली आलं. दोघंही बाहेर आले नाहीत.

घरी गेलेल्या पत्रात 'शत्रूच्या कारवाईत वीरमरण' असं लिहिलं होतं.

मे १९७४ मध्ये राजस्थानात अणुचाचणी झाली. मी तोवर फौजेतून निवृत्त झालो होतो. त्या आठवड्यात तीर्थपुरीच्या बाजाराला गेलो, तेव्हा चहाच्या हॉटेलात किसनचे वडील राणूजी बत्तासे वाटत होते. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस.

"राणूबाबा तर बॉम्ब घरचा असल्यागत वाटून राह्यले," हॉटेलवाला म्हणाला. लोक हसले.

"घ्या गुरुजी. आपल्यापाशीबी आला आता," राणूजी म्हणाले.

शाळेच्या कांबळे गुरुजींनी हात पुढे केला नाही. "राणूजी, जपानात दोन शहरं गेली त्यानं. लेकरं, म्हातारे, सगळे. लढाई थांबवायचीय म्हणून टाकला होता."

"थांबली का न्हाई मंग?"

"थांबली. पण मेले त्यांनी कुठं लढाई केल्ती?"

"माझ्या पोरानं काय गुन्हा केल्ता? तुमचं पोरगं सांच्याला घरी येतंय, गुरुजी. माझं न्हाई आलं."

गुरुजींनी कप खाली ठेवला. राणूजी माझ्याकडे वळले.

"फौजी, तू संग होतास. खरं सांग. त्या टायमाला हा असता, चार दिस आधी टाकला असता, तर माझा किसन वाचला असता का?"

किसन कोणाच्या गोळ्यांनी पेटलेल्या घरात गेला, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र एकच होतं.

"वाचला असता."

"म्हंजे बॉम्ब पडला असता, तर किसन घरी आला असता." त्यांनी शब्द परत म्हणून दाखवले आणि थांबले.

"बराबर," मी म्हणालो.

गुरुजी उठून गेले. राणूजींनी माझ्या तळहातावर दोन बत्तासे ठेवले. मी ते त्यांच्यासमोरच खाल्ले.

ज्यांच्यावर तो बॉम्ब पडला असता, त्यांच्यातल्याच एका बाईच्या हाकेला किसन धावला होता, हे सांगायचं राहिलं. राणूजी आता नाहीत.

गनर किसन, राहणार तीर्थपुरी. तो शत्रूच्या गोळीने गेला नाही. मी करेक्ट म्हटलेल्या आकड्यांवर गेला. त्याच्याबरोबर गेलेल्या बाईचं नाव कोणत्याही कागदावर नाही. तिच्या गावाचंही नाव मला माहीत नाही. आकडे पाठ आहेत.