वीस पट्ट्यांचा शनिवार

बाईंना काहीही विचारलं तरी त्या दोन्ही तळहात समोर धरून म्हणायच्या, "एवढ्यात कुठेतरी." जेवायला कधी येणार? "सव्वा ते पावणेदोन, एवढ्यात कुठेतरी." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं, यांना नक्की काहीच ठाऊक नाही. मलाही तसंच वाटलेलं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात बाई क्वालिटीच्या प्रमुख. मी डोंबिवलीहून स्टॅटिस्टिक्सची डिग्री घेऊन नुकतीच त्यांच्या हाताखाली आलेले. पहिल्याच महिन्यात पितळी बुशच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळ्यांच्या, एका क्रेटमधल्या बाराशे नगांतून तीस मोजले. लांबी हवी होती चाळीस मिलिमीटर. माझा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी जिथे असावी असा आकड्यांचा पट्टा, अख्खाच्या अख्खा चाळीसच्या वर निघाला. बाई जागेवर नव्हत्या. मी धावत थेट मालकांकडे गेले. "साहेब, पंच्याण्णव टक्के खात्री आहे, माल लांब झालाय!"

साहेबांनी हे बुश लेथ मशीनवर कापणाऱ्या काकांना बोलावलं. बावीस वर्षांचा मुरलेला हात. "काका, नजर गेली वाटतं तुमची. सोमवारपासून पॅकिंगला बसा."

काका फडक्याला हात पुसत राहिले, पुसून झाले तरी.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी माझा कागद पाहिला. "हिशोब बरोबर आहे गं. पण पंच्याण्णव टक्के कशाचे?"

"खरी सरासरी या पट्ट्यात असण्याचे."

"छे! सरासरी त्या क्रेटमध्ये ठरलेली आहे, ती कुठे हलते? हलतो तो आपला पट्टा. दर वेळी वेगळे तीस नग, वेगळा पट्टा. असे पुष्कळ काढले, तर शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास तिला पकडतात. तुझा पकडणाऱ्यातला की हुकलेल्यातला, ते त्याच्याकडे बघून कळत नाही." मग साहेबांकडे वळल्या. "मला शनिवार द्या. आणि माणसं."

काय शनिवार होता तो! पॅकिंगच्या बायका, स्टोअरकीपर, वॉचमन, खुद्द साहेब, बाईसुद्धा, सगळे रांगेत. क्रेट ढवळायची, न बघता तीस नग उचलायचे, मोजायचे, परत टाकायचे. मी पट्टे काढत होते, आणि बाई स्टुलावर चढून भिंतीवरच्या मोठ्या कागदावर ते नावासकट एकाखाली एक आखत होत्या. माझा जुना धरून वीस झाले. मग सगळ्यांनी मिळून बाराशेच्या बाराशे नग मोजले. हात दुखले, पण घरी जायचं कुणी नाव काढेना.

खरी सरासरी आली. चाळीसला अगदी चिकटून! बाईंनी वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढली, आणि ज्याचा पट्टा रेघेवर सापडेल तो ओरडायला लागला. "माझा लागला!" "माझापण!" साहेबांनी तर टाळीच मागितली. अठरा लागले. दोन हुकले. एक माझा, रेघेच्या उजवीकडे. दुसरा डावीकडे. त्यावर नाव बाईंचं.

बाई स्टुलावरून जवळजवळ उडी मारूनच उतरल्या. "मीपण हुकले! बघितलंत? तीस वर्षं मोजतेय मी!" इतका आनंद त्यांना बक्षीस मिळालं असतं तरी झाला नसता.

"पण विसात एकच हुकायला हवा ना?" साहेब म्हणाले.

"तसा नेम नाही. कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही. म्हणून एका पट्ट्यावर माणसाला उठवायचं नसतं, साहेब. पुन्हा मोजायचं."

साहेब सगळ्यांसमोर काकांपाशी गेले. "चुकलं माझं. लेथ तुमचंच." मीही माफी मागितली. काका मला म्हणाले, "पोरी, तू मोजलंस ते खरंच होतं ना? मग झालं."

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, खडवलीला राहायला गेल्या. निघाल्या त्या दिवशी काका पाळीच्या मध्यातच लेथ बंद करून गेटपर्यंत आले. "बाई, तुमच्यामुळे…" एवढंच बोलू शकले.

"माझ्यामुळे कसलं? सगळ्यांनी मोजलं म्हणून," म्हणत त्या रिक्षात बसल्या.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. एखादा पट्टा विचित्र निघाला की अजून मान वळवून "बाई, हे बघा ना!" म्हणते, आणि मागे नुसती भिंत असते. मग उठते, क्रेट ढवळते आणि पुन्हा तीस नग उचलते.