बत्तीस जागांचं नाव

रत्नागिरीच्या जेटीवर मासळीच्या लिलावाचा जो इलेक्ट्रॉनिक फलक आहे, त्याचा प्रोग्राम पुण्याहून आला होता. माझ्याकडे फक्त देखभाल. एका सकाळी एक बोटमालकीण थेट आमच्या ऑफिसात आली. फलकावर तिच्या बोटीच्या नावाला पुढच्या बोटीचं नाव चिकटलं होतं, आणि व्यापारी भलत्याच मासळीवर बोली लावत होते.

"नाव सासऱ्यांनी ठेवलंय," ती म्हणाली. "ते आख्खं दिसायला हवं, आणि एकटं."

तिला बाहेर बसवून मी कोड उघडला. प्रत्येक नावाला बत्तीस जागा होत्या. नाव संपलं की पुढच्या जागेत शून्य असतं, तिथं थांबायचं. हिच्या बोटीच्या नावात देवी, गाव आणि सासूबाई, तिघंही होती. त्यात काना, मात्रा, वेलांटीलाही स्वतंत्र जागा लागते. बत्तीसच्या बत्तीस भरल्या, शून्याला जागाच उरली नाही. लांबी मोजणारं wcslen हे फंक्शन शून्य शोधत शेजारच्या नावात शिरलं होतं.

आमच्या साहेबांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या पुण्याच्या सिनियरला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "नावं इंग्रजीत टाका, मॅडम. लहान होतात."

"आणि बत्तीस अक्षरांचं इंग्रजी नाव आलं तर?"

"इतकी वर्षं wcslen वापरतोय. काही झालं नाही."

"नावं लहान होती म्हणून झालं नाही."

साहेब हातानं मला गप्प राहायला सांगत होते. मी राहिले नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "त्या बाईंनाच नाव लहान करायला सांग ना."

"तुम्ही सांगा. बाहेरच बसल्यात."

ते खुर्चीवरून उठले नाहीत.

दुपारपर्यंत मी सगळीकडे wcslen काढून त्याच्या जागी wcsnlen घातलं. त्याला किती जागांपर्यंत बघायचं तेही सांगावं लागतं. तेवढ्या जागांत शून्य दिसलं नाही तर ते सांगितलेलाच आकडा देऊन थांबतं, पुढे जात नाही. तोच आकडा आला की नाव जागेत मावलं नाही असं समजून इशारा द्यायचा, हेही लिहिलं. जागा चौसष्ट केल्या. कोडमध्ये बदल कोणी केला ते लिहितात, तिथं स्वतःचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी जेटीवर तिनं फलक मान वर करून सावकाश वाचला. "सासूबाई पण आल्या," एवढंच म्हणाली आणि मासळीकडे वळली.

पुण्यानं हा बदल मूळ प्रोग्रामात अजून घेतलेला नाही. मी दर महिन्याला मेल पाठवते. उत्तर येत नाही, तरी पाठवते.