सईने बॉयलरला हात लावला नाही

परवाच्या रविवारी ओंगारच्या हॉलमध्ये आमचं हळदीकुंकू होतं. आणि हॉल असा गार, की कुंकू लावणारीची बोटं थरथरत होती... एकीचं तर थेट भुवईवर गेलं.

(हे बोलतेय मी, टाइप करतेय सूनबाई. मला अक्षर येत नाही, म्हणून मधेमधे वाचून दाखवायला लावते. गाळलंस तर कळतं हं मला, मधुरा!)

तर काय सांगत होते... हीटिंग बंद पडलं होतं. पैठण्यांवर फुगीर जॅकेटं चढली. केअरटेकर फोनवर म्हणाला, माणूस उद्या पाठवतो, ग्रँड! इथे आयरिश लोकांत सगळं ग्रँड असतं आणि सगळं उद्या असतं.

तेवढ्यात माझा मुलगा मिलिंद चहाची किटली हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "अहो, आमची सई आहे ना! हेच तर शिकते ती. सई, बघ गं जरा."

मी तिळगूळ चावायची थांबले... कारण हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

सई माझी नात, मिलिंद-मधुराची लेक. बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअरिंगची डिग्री अप्रेंटिसशिप करते. म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस कंपनीत काम, उरलेले कॉलेजात, आणि शेवटी डिग्री. इमारतीत ऊब, हवा, पाणी, वीज कुठून कुठे न्यायची, ते ठरवायचं आणि नीट चाललंय का ते बघायचं.

मी इथे मुलाकडे राहायला आल्यापासून तिच्या मागे लागलेय. हा पाइप कुठे जातो? भिंतीला मुद्दाम भोक पाडून वर जाळी का लावलीय? गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, त्यात माझं इडलीचं पीठ एवढं छान कसं फुगतं? पोरगी न कंटाळता सांगते... अर्धं मला कळतं, अर्ध्यासाठी मी परत विचारते.

तिच्या बापाला मात्र ते 'अप्रेंटिस' काही पचत नव्हतं. मेनूथला युनिव्हर्सिटीत मिळालेली सीट सोडून पोरगी हेल्मेट घालून शिडीवर चढते, हे चारचौघांत सांगायचं कसं! कोणी विचारलं की "इंजिनिअरिंग करतेय" म्हणायचा आणि घाईघाईने त्यांच्याच मुलांची चौकशी सुरू करायचा. सईला कळायचं ते. कामावरून आली की बूट दाणकन आपटायची.

तर सई मागच्या खोलीत गेली. मी पण गेले. बॉयलर बघायची संधी कोण सोडणार?

मोठी पेटी, चांदीचा कागद गुंडाळल्यासारखे पाइप, एक लाल दिवा. सईने टॉर्च मारला, पाइपांना हात लावून पाहिला, कान देऊन ऐकलं. मग म्हणाली, "आजी, आय थिंक मला माहितीये काय झालंय."

"मग कर की!"

"नाही. हे झाकण ओपन करायला गॅसचं लायसन्स लागतं. माझ्याकडे नाहीये."

"अगं, बघतंय कोण? एक मी. मला सहीसुद्धा येत नाही, मी काय साक्ष देणार! उघड जरा, आत काय असतं ते तरी बघू दे..."

ती हसली नाही. "आजी, बाबांनी फर्स्ट टाइम सगळ्यांना सांगितलं. आता मी नो म्हणाले, तर ते परत कधीच नाही सांगणार."

माझी थट्टा तिथेच विरली. तिचा हात झाकणाच्या अगदी जवळ होता... तिने तो जॅकेटच्या खिशात घातला आणि बाहेर निघाली.

"सॉरी बाबा. मला अलाउड नाहीये. लाल दिवा लागलाय, गॅसचा माणूसच पाहिजे."

मग एक वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, एवढं शिकतेस आणि साधं हीटिंग चालू करता येईना?" पलीकडून कोणीतरी, "यूट्यूब बघून कर गं!" बायका खिदळल्या. मिलिंदचे कान लाल झाले.

आता इथे मिलिंदची नोकरी सांगायला हवी. तो औषधाच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे. ज्याला अधिकार नाही अशा माणसाने मशीनला बोट जरी लावलं, तरी हा सगळा माल अडवून धरतो. साहेब ओरडोत नाहीतर पाया पडोत. आणि वर घरी येऊन जेवताना आम्हाला ते सगळं ऐकवतो...

तो सईकडे बघत राहिला. किटली खाली ठेवली. मला वाटलं, झालं... आता हा त्या वहिनींच्या मुलाची चौकशी करणार.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "अधिकार नाही म्हणजे हात लावायचा नाही. चूक माझी, मी पाठवायलाच नको होतं. अप्रेंटिस आहे ती, वहिनी. दुसऱ्या वर्षाला आहे."

असं खणखणीत, अख्ख्या हॉलला. (सूनबाई टाइप करायची थांबलीय. नाक पुसून झालं की पुढचं सांगते.)

बाकीचं हळदीकुंकू आम्ही कोटातच उरकलं. वाण लुटलं, उखाणे झाले, बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या.

घरी येताना गाडी मिलिंद चालवत होता. मग हळूच, "सई, तो लाल दिवा लागतो म्हणजे आत नक्की काय होतं गं?"

सई सांगायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं तिच्या त्या आयरिश इंग्लिशमध्ये. काचेवर धरलेल्या वाफेवर बोटाने पाइप काढून दाखवले. सिग्नलला तो मागे वळून इतका रंगून बघत बसला, की मागच्या गाडीने हॉर्न दिला... आणि इथे सहसा कोणी हॉर्न देत नाही.

मलाही खूप विचारायचं होतं. पण घरापर्यंत तोंड मिटून बसले... त्याचे पहिल्या वर्षापासूनचे प्रश्न साठले होते.