आईचं पान सर्चमध्ये येईना

दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही आमच्या जैन घराची शिस्त. त्यामुळे आमच्याकडची संध्याकाळ फार लवकर रिकामी होते, आणि त्या रिकाम्या संध्याकाळी आई माझ्या मागे लागायची. पदराला हात पुसत यायची, मोबाइल तोंडाजवळ नेऊन आपल्या गावाचं नाव घ्यायची, पुढे 'तंबाखूची वखार' म्हणायची आणि सर्चनं काय आणलं ते चष्मा सावरून बघायची.

"आलं न्हाय गं अजून."

"येईल."

"कवा?"

मी चिडायची. मला उत्तर येत नसलं की मी चिडते. ऑफिसातही सगळ्यांना हे माहीत आहे.

ब्लॉग आईचा. बोलायची ती, लिहायची मी. निपाणीजवळच्या तिच्या गावातल्या गोष्टी आधी मराठीत टाकायच्या, मग मीच त्यांचं कन्नड करायची, कारण बेळगावात माझ्या ऑफिसात निम्म्या मैत्रिणी कन्नड आणि त्यांनाही वाचायचं असायचं. इंग्रजी केलं ते नुसत्या हौसेनं. आईला मात्र हौसेशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एक माणूस शोधायचं होतं.

लहानपणीची तिची एक मैत्रीण. दोघी मराठी शाळेत एका बाकावर. मैत्रिणीचं लग्न लवकर झालं, ती हुबळीच्याही पलीकडे कुठेतरी गेली. तिच्या माहेरची माणसं गाव सोडून गेली आणि धागा तुटला. आईनं लग्नकार्यात, यात्रेत, दवाखान्याच्या रांगेत, जिथे त्या बाजूचं कोणी भेटेल तिथे विचारून पाहिलं होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिच्या मनानं घेतलं, की आपल्याला गावाची आठवण येते तशी तिलाही येत असणार, आणि कधी ना कधी ती मोबाइलमध्ये गावाचं नाव घेणारच. घेतलं की आपलं पान समोर आलं पाहिजे. वखारीत लपून बसल्याची गोष्ट तिनं खास त्यासाठीच सांगितली होती. त्यात मैत्रिणीला तंबाखूच्या धुरळ्यानं शिंक येते आणि दोघी पकडल्या जातात.

सर्चमध्ये यायचं ते कन्नड पान. इंग्रजीही यायचं. मराठी तेवढं नाही.

"कन्नड दिसतंय की," मी म्हणायची.

"तिला कन्नडचं अक्षर येत न्हाय. माझ्यासारखीच ती. बोलाय येतंय, वाचाय न्हाय." मग थांबून, आवाज खाली आणून, "हितं बी आपली पाटी काढली व्हय गं?"

पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून आमच्या भागात माणसं चहा थंड होईपर्यंत भांडतात. मी स्वतःला त्यातली समजत नव्हते. पण आईनं तसं विचारल्यावर माझंही डोकं फिरलं. आता मराठी पान वर आणूनच दाखवते, असं मी इरेला पेटले.

त्यानंतरचे महिने मला शांत बसल्याचे आठवतच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातानं सर्चचा रिपोर्ट उघडायचा. खडेबाजारात भाजी घेताना, रिक्षात, बँकेच्या रांगेत, अंगठा आपोआप तिथेच जायचा. रिपोर्टमध्ये कायम एकच उत्तर: पान सापडलं आहे, नोंदवलेलं नाही. अरे, सापडलंय तर नोंदव की! पानांची यादी पुन्हा पाठवली, नोंद करा अशी विनंती पुन्हा पुन्हा केली, थीम बदलली, फोटो लहान केले, आईची वाक्यंही लांबवली. वाक्यं लांबवल्यावर आई वाचून म्हणाली, "ही मी न्हवं." पुन्हा होती तशी केली. घरात माझ्याशी कोणी सरळ बोललं तरी मला ते टोचून बोलल्यासारखं वाटायचं.

शेवटी एका रविवारी, दुपारची भांडी तशीच टाकून, मी सगळं मुळापासून वाचायला बसले. आई शेजारी सुपात शेंगा घेऊन निवडत होती. अनेक भाषांच्या साइटमध्ये एकाच गोष्टीच्या पानांनी एकमेकांची ओळख सांगावी लागते. मराठी पानानं म्हणायचं, ते कन्नड पान माझं भावंड. कन्नड पानानंही तसंच म्हणायचं. एकानं म्हटलं आणि दुसरं गप्प राहिलं, तर सर्च नातं मानत नाही. शिवाय आपण मूळ की नक्कल, हेही प्रत्येक पान सांगत असतं. माझं मराठी पान काय सांगत होतं? मी नक्कल आहे, मूळ पान कन्नड. सर्च बिचारं ते ऐकत होतं.

साइट उभी करताना राज्य विचारलं होतं. मी कर्नाटक लिहिलं. खरंच होतं ते. त्यावरून यंत्रानं मुख्य भाषा कन्नड धरली आणि मी न वाचता पुढे गेले. आमच्याकडची माणसं फॉर्मवर राज्य लिहितात तेव्हा भाषेचा विचार करत नाहीत. करत बसलो तर एकही फॉर्म पुरा व्हायचा नाही.

"कुणी काढली न्हाय पाटी," मी आईला सांगितलं. "मीच उलटी लावलेली."

ती हसली. मला हसू आलं नाही, कारण अजून दुरुस्ती व्हायची होती, आणि ती कन्नड पानाच्या बाजूनं करायची होती. प्रत्येक भाषेची बाजू वेगळी उघडते. कन्नड पान सर्चमध्ये नीट दिसत होतं, त्यामुळे त्या बाजूला मी कधीपासून फिरकलेच नव्हते. उघडली, आणि वखारीच्या गोष्टीखाली तीन प्रतिक्रिया माझ्या मंजुरीसाठी अडकून पडलेल्या.

पहिली गेल्या दिवाळीतली, कन्नडमध्ये. सुनेकडून लिहून घेतेय, असं सुरुवातीलाच होतं. सुनेनं ही गोष्ट मोबाइलवर वाचून दाखवली, मला गाव लगेच कळलं. पण शिंक तुला आली होती, मला नाही. खाली फोन नंबर.

दुसरी संक्रांतीनंतरची. वाचलंस का? सून रोज बघते.

तिसरी उन्हाळ्यातली. तुला बोलायचं नसेल तर राहू दे. मला राग नाही. सुखी राहा.

मी वाचता वाचताच मराठी करून सांगत होते. तिसरी मात्र मराठी न करता कन्नडमध्येच वाचली गेली. आईला ते कळलं. शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"दिवाळीत आपण काय करत हुतो?" तिनं विचारलं.

"मराठी पान वर आणत होतो."

तिनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मला स्वतःचा इतका राग आला होता, की नंबर फिरवताना दोनदा चुकला. फोन मी स्पीकरवर टाकून आईच्या हातात दिला. सुनेनं उचलला, कन्नडमध्ये कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, आणि मग एक म्हातारा आवाज आला, आईच्या गावच्या मराठीत.

"उत्तर का दिलं न्हाईस गं? मला वाटलं, तुला नकोच हाय मी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"आजारी हुतो गं," आई म्हणाली. "लई आजारी हुतो."

त्या साऱ्या महिन्यांत आईला साधी सर्दीही झाली नव्हती.