तीनचा जुना, अडीचचा नवा

अक्कलकुव्यात हायवेला लागून आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग अब्बा करतात, मिक्सिंग मी करते. म्हणजे लग्नाचं कच्चं शूटिंग निवडायचं, कापायचं, जोडायचं, आवाज नीट करायचा आणि शेवटी रेंडरला लावायचं. सगळे तुकडे मिळून एक सलग फिल्म तयार होते ती या रेंडरमध्ये, आणि तिथे माणसाला काही करता येत नाही. काम कम्प्युटरचं. आपण फक्त पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं.

आमचा कम्प्युटर अब्बांनी मी शाळेत असताना घेतला होता. त्याच्यावर आम्ही किती लग्नं लावली म्हणायची! पण गेल्या वर्षी अब्बांनी नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून त्या मशीनला धाप लागायला लागली. नव्या कॅमेऱ्याचं चित्र स्वच्छ, म्हणून फाइलही दांडगी. स्क्रीनवर नवरी एक पाऊल उचलायची आणि तशीच थांबायची, मग एकदम मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दिसायची. कुठे कापायचं ते मी अंदाजाने ठरवायचे.

उन्हाळ्यात मोलगीकडच्या एका पाड्यावरचं लग्न आम्ही शूट केलं. नवऱ्या मुलाची आई त्या लग्नाला नव्हती. ती नंदुरबारला दवाखान्यात होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं. लग्न पुढे ढकलायचं नाही, असं तिनेच सांगितलं होतं. मुलगा अब्बांना म्हणाला होता, "चाचा, सगळं घ्या. आईला दाखवायचंय."

अब्बांनी खरंच सगळं घेतलं. आणि तेच माझ्या गळ्याशी आलं. दिवाळी झाली तरी फिल्म तयार नव्हती. रेंडरला लावलं की पट्टी अर्ध्यावर यायची, पंखा घरघरायचा आणि मशीन आपोआप बंद पडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो आणि त्याची बायको बाजाराच्या दिवशी गुजरातला कामाला निघणार होते. आई बरी होऊन घरी आली होती आणि त्यांना निरोप द्यायला अक्कलकुव्यापर्यंत येणार होती.

"ताई, तेव्हा मिळेल ना? आम्ही शेजारी बसलेलो असताना तिने बघावं, असं वाटतं."

"मिळेल," मी म्हणून बसले.

नंदुरबारहून दुरुस्तीवाल्या भाऊंना बोलावलं. त्यांनी मशीन उघडलं, धूळ काढली, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, हाऊ आते थकी गया. यानाकडथून हाई काम व्हवाव नही."

जुन्याकडून हे काम होणार नाही म्हटल्यावर अब्बा नवा घ्यायला नाखुशीने तयार झाले. भाऊंनी बाजाराच्या आदल्या दिवशी नवा कम्प्युटर आणून जोडून दिला आणि शेवटची गाडी पकडून गेले. मग अब्बांनी चष्मा लावला आणि खोक्यावरचा मजकूर वाचायला घेतला. वाचता वाचता थांबले.

"बेटा, अपने पुराने पे कितना लिखा है?"

"तीन गिगाहर्ट्झ."

"और इस पे ढाई. तीन बडा के ढाई?"

मी पाहिलं. खरंच अडीच लिहिलं होतं. प्रोसेसरचा वेग म्हणून आम्ही इतकी वर्षं गिऱ्हाइकांना तो तीनचा आकडा अभिमानाने सांगत आलो होतो. आता आम्ही नवा म्हणून कमी वेगाचा आणून बसवला होता की काय? भाऊंना फोन लावला.

"आकडा देखू नको, ताई, काम देख," ते हसून म्हणाले. मग नीट समजावलं. जुन्या प्रोसेसरमध्ये दोन कोर, म्हणजे काम करणारे दोघंच. नव्यात आठ. शिवाय गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, आणि त्या आठांतला एकेक जण एका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. ठोके मोजून वेग कळत नाही.

ऐकायला पटलं, पण धीर आला नाही. अब्बा तर खोका उलटापालटा करून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

सगळं शूटिंग रात्रभर नव्या मशीनवर कॉपी व्हायला लावून आम्ही घरी गेलो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी ठरवलं, समोरासमोरच होऊ दे. ढोलाच्या नाचाचा एक छोटा तुकडा दोन्ही मशीनवर घेतला. तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, तीच सेटिंग. अब्बांना एका माउसवर बसवलं, मी दुसऱ्यावर. "एक, दो, तीन" म्हणून दोघांनी एकदम बटण दाबलं. शेजारून चहा आला. अब्बांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि पहिला घोट घ्यायच्या आत नव्या मशीनवर फिल्म तयार झाल्याची खिडकी आली.

"रुका क्या?" अब्बांनी विचारलं.

"रुका नहीं. हो गया."

त्यांना खरं वाटेना. मी तुकडा लावून दाखवला. ढोलवाल्याचे हात, घुंगरं, पायांनी उडालेली धूळ, सगळं न अडकता सरसर चाललं होतं. जुन्या मशीनची पट्टी अजून सुरुवातीलाच रेंगाळत होती आणि पंखा ओरडत होता. अब्बांनी नव्या डब्यावर तळहात ठेवला. "गरम भी नहीं हुआ," ते म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले.

मग पूर्ण फिल्म रेंडरला लावली. ती चालू असतानाच तिघं आली. मुलगा, त्याची बायको आणि आई. आई बारीक झालेली, हळूहळू चालणारी. जीप दुपारी निघणार होती, गाठोडी बाहेर स्टँडवर कुणाच्या तरी ओळखीने ठेवली होती. अब्बांनी आईला स्वतःची खुर्ची दिली. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा मी पंख्याच्या आवाजाकडे कान लावून बसले, कारण नेहमी मशीन तिथेच मान टाकायचं. पट्टी अर्ध्यावरून पुढे गेली. आणखी पुढे गेली. आणि टोकाला लागली. माझ्या खांद्यांवरून गोणी उतरवल्यासारखं झालं.

आई फिल्म बघत होती, एका हाताने सुनेचा हात धरून. आधी डोळे पुसले. मग एका ठिकाणी खूप हसली आणि भिलीत काहीतरी म्हणाली. मी मुलाकडे पाहिलं.

"ती म्हणते, मी तिकडे पडून देवाला हात जोडत होते आणि माझा भाऊ इकडे असा नाचत होता का?"

आम्ही सगळेच हसलो. मामांचा नाच तिने पुन्हा लावायला सांगितला. माउस या वेळी अब्बांनी हातात घेतला.

मुलाच्या मोबाइलमध्ये फिल्म घालून दिली, आईसाठी पेन ड्राइव्ह दिला. पाड्यावर कुणाकडे तरी टीव्ही होता. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मुलगा घाईने आईच्या पाया पडला. आई रडली नाही. सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लवकर या म्हणाली, एवढं मला शब्द न कळताही कळलं.

ती गेल्यावर आम्ही शटर अर्धं ओढलं आणि घरी जेवायला गेलो. अम्मीने ज्वारीच्या गरम भाकरी केल्या होत्या. जेवण होताच मी तिथेच चटईवर आडवी झाले. कानावर आलं ते इतकंच, की अब्बा अम्मीला मामांचा नाच करून दाखवत होते.