नाडी, चेन आणि अमेरिकेचा कायदा

मागच्या वर्षी कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर होता. श्रीमंत देश गरीब देशांच्या कापडावर कोटा घालतात, म्हणजे वर्षाला एवढंच कापड आमच्याकडं पाठवा, जास्त नको. पाठ केलं, लिहिलं, मार्कही बरे पडले. पण हा कोटा डोळ्यांना दिसतो कसा? माझी मैत्रीण मंगल म्हणाली, "निपाणीला जा की आमच्या आक्काकडं. ती परकर शिवून अमेरिकेला धाडती." दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

कोल्हापूरहून सकाळची एस.टी. पकडा, डावीकडची खिडकी धरा. कागल गेलं की कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका. ट्रकांची रांग लागलेली असते, गाडी थांबते, तेवढ्यात चहा होतो. पलीकडं पाट्या कानडी आणि बोलणं आपलंच. कंडक्टर एका प्रवाशाशी कानडीत भांडला आणि मराठीत मिटवून मोकळा झाला.

निपाणीत उतरलात की आधी शिंक येते. तंबाखूच्या वखारी. आक्काही आधी वखारीतच होती, दहावी झाल्यावरसुद्धा. धुळीनं खोकला लागला तसं तिनं ते सोडलं आणि शेजारच्या चार बायकांना घेऊन शिवणकाम सुरू केलं. बेळगावात शहापूरला विणलेलं हातमागाचं कापड आणायचं, त्याचे घेरदार परकर शिवायचे, मुंबईचा व्यापारी ते पुढं पाठवतो. संक्रांतीनंतर वखारी चालू होतात. तोवर हा माल पास झाला तर व्यापारी पुढचं काम देणार. नाही झाला तर पाचहीजणींना परत तंबाखू.

"तू पुस्तकातनं शिकलीस न्हवं? मग चल बेळगावला. उद्या तपासणी हाय," आक्का म्हणाली. जेवायला झुणका, भाकरी आणि घाम फोडणारा ठेचा. तेवढ्यासाठीसुद्धा निपाणीला जावं.

दुसऱ्या दिवशी दोन गठ्ठे टपावर चढवले. हमालीवरनं आक्कानं दोन शिव्या हासडल्या. तवंदीचा घाट छोटाच, पण गाडी असा काही सूर लावते की अख्खी गाडी गप्प बसते. संकेश्वरला भजी खा. बेळगावला पोचेपर्यंत दुपार.

परदेशी जाणारा हातमागाचा माल तपासून शिक्का मारणारं सरकारी ऑफिस. तिथले साहेब चष्मेवाले, शांत. कापड उन्हाकडं धरून बघितलं, सूत चिमटीत धरलं, मान हलवली. "हातमाग आहे. झकास आहे." आक्का माझ्याकडं बघून हसली. मग त्यांनी परकर उलटा केला आणि थांबले.

"हे काय?"

"चेन," आक्का म्हणाली. "कमरंला."

"कुणी सांगितली लावायला?"

"कुणी न्हाय. आमचं आमीच लावली. गोऱ्या बाईला नाडी बांधाया येती व्हय सायेब? निरगाठ बसली तर बिचारी दिवसभर अडकायची."

साहेब हसले नाहीत. आपल्या सरकारचा अमेरिकेशी झालेला करार समजावून सांगायला लागले. हातमागाच्या पारंपरिक कपड्याला कोट्यातनं सूट आहे. कितीही पाठवा. पण चेन लावली की तो परंपरेतला परकर राहत नाही, स्कर्ट होतो. स्कर्ट कोट्यात मोजायचा. आणि कोटा मोठ्या कंपन्यांनी आधीच वाटून घेतलाय.

"म्हंजे चेनीमुळं?"

"चेनीमुळंच."

"आमच्या परंपरेत परकर कधी अमेरिकेला गेलता व्हय? तो गेलेला चालतोय, आणि चेन चालत न्हाय?"

"आक्का, नियम मी केलेला नाही. मी फक्त शिक्का मारतो. उद्या दुपारपर्यंत आणा. परवापासनं मी दौऱ्यावर."

पाठ केलेल्या उत्तरात मला ही चेन कुठंच भेटली नव्हती.

रिक्षानं शहापूर गाठलं. ज्यांनी कापड विणलं त्या आप्पांच्या घरात माग खटखटत होता. सगळं ऐकून आप्पा म्हणाले, "बरं झालं बाई, बटणं न्हाय लावलीस. न्हायतर मलाबी कोट्यात घातलं असतं."

आप्पांच्या सुनेनं मशीन पुढं ओढलं, गल्लीतल्या दोघीतिघी आल्या. मला ब्लेड दिलं. चेन उसवायची, धागा ओढायचा, कापड मात्र फाडायचं नाही. पहिला परकर मी फाडलाच.

"पोरी, हा तुझा," आक्का म्हणाली. "नेस आणि कॉलेजात जा. मास्तरला सांग, ह्यो कोटा."

सगळ्या हसल्या. उसवून झाल्यावर सुईची भोकं राहत होती, त्यावर आप्पांच्या सुनेनं मागावरच्या उरलेल्या काठाची पट्टी बसवली, खाली नेफा, नेफ्यातनं नाडी. रात्री तिथंच झोपलो. सकाळी परत बसलो. मध्ये आप्पांनी बेळगावची खव्याची मिठाई, कुंदा, आणला, हात पुसून खायचा अशी सक्त ताकीद. कुंद्याचा डाग निघत नाही म्हणे.

दुपारी साहेबांनी पट्टी बघितली, नाडी ओढून बघितली. मला वाटलं आता पट्टीवरनं अडवणार. आक्का हातातल्या पिशवीचा बंद पिळत उभी होती. साहेब म्हणाले, "काठ तर छान दिसतोय," आणि शिक्का मारायला घेतला. आक्का बाहेर पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून बराच वेळ खोकली.

मुंबईच्या ट्रकात गठ्ठे चढवून आम्ही स्टँडवर आलो. गाडी लागेपर्यंत ती म्हणाली, "शिकल्यालं मानूस हाईस तर एक काम कर. फुडच्या वर्षी आमची परंपरा काय असंल, ते कुठं कळतंय का बघ. म्हंजे आधीच तसं शिवतो."

घरी येऊन कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं. जाडजूड इंग्रजी. कलमं, उपकलमं, काही देशांना सवलत, काही देशांना मुदत. नाडी नव्हती, चेन नव्हती. परंपरेची यादी दर वेळी दोन देशांचे अधिकारी बसून ठरवतात, एवढंच कळलं. त्यात निपाणीतलं कुणी बसत नसावं.

आईनं विचारलं, "माल गेला न्हवं त्यांचा?"

"गेला."

"मग तोंड का असं?"

पुढच्या खेपेला काय शिवायचं हे त्या बायकांना आज माहीत नाही, आणि संक्रांत तोंडावर आलीय, असं मी सांगितलं. गिऱ्हाईक नाही ठरवत, गिऱ्हाइकाचं सरकार ठरवतं.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्या सरकारला म्हणावं, एकदा परकर नेसून बघ."