लाखोरीच्या मुळावरच्या गाठी

वडलांच्या थोरल्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणत असू. त्यांचे पाय तरुणपणीच गेले. एका दुष्काळात महिनोन्‌महिने नुसती लाखोरीची डाळ खाऊन काढले, नि गुडघे आखडले ते कायमचे. दोन काठ्यांशिवाय त्यांना उभं राहता येत नसे. आई मात्र दरवर्षी धान कापणीला येण्याआधी, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरीचं बी फोकायची, मुठीनं विखरायची. मग उन्हाळ्यापर्यंत मोठे बाबा शेताकडे फिरकत नसत.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी भंडाऱ्याला बीएस्सी करत होते. पौषात घरी आले, तर मोठ्या बाबांनी मला ओसरीवर बोलावलं. आई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नसे, म्हणून निरोप माझ्याकडे.

"पोरी, तुया मायले सांग. आता युरिया भेटते. पाय घेनारं हे इख कायले पेरते?"

मला त्यांचंच पटलं. पण आई म्हणाली, "लाखोरीवरचं धान चांगलं येते. काहून येते, मले नाही मालूम."

मला मालूम होतं. नुकतंच शिकले होते, तरी आईच्या शेताशी त्याचा संबंध जोडला नव्हता. मी बांधीतून एक रोप मातीसकट खणून आणलं, मुळं धुतली नि ब्लेडनं एक गाठ चिरली. आत गुलाबी.

"हे तं रगत!" मोठे बाबा म्हणाले.

"रगत नाही. ह्या गाठींत जंतू रायतेत. हवेतला नायट्रोजन धरून त्याचं खत बनवतेत. मुळं सडली का ते धानाले भेटते."

"अन् माये पाय? तेबी ह्याईनंच खाल्ले?"

"नाही, मोठे बाबा. इख दाण्यात आहे. जंतूंचा दोष नाही."

त्यांनी ती मुळं बराच वेळ हातात धरली. मला वाटलं, फेकून देतील.

"मंग पेरू दे," ते म्हणाले. "पर फुलावर आली का नांगरून टाका. दाणा घरात नको."

हिरवं पीक मोडणं आईच्या जिवावर आलं. बैलांचं कुटार, मळणीनंतरचा वाळका चारा, जाणार होतं. तिनं दोनच बांध्या नांगरू दिल्या. पुढच्या पावसाळ्यात तिथं युरिया निम्माच टाकला, तरी धान काळंभोर उभं राहिलं. मोठे बाबा काठ्या टेकत धुऱ्यापर्यंत, शेताच्या कडेपर्यंत, आले आणि पाहत बसले.

बाकीच्या बांध्या आई कुटारासाठी पिकू देत असे; त्यांवरून दोघांची कुरबुर पुढं कित्येक वर्षं चालली, माझ्यामार्फत. लाखोरीची डाळ मात्र आमच्या चुलीवर पुन्हा चढली नाही.